घड्याळाखालची मुकी

मामाचं खरं नाव संघाच्या हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त कारकुनावर यायची. खेळाडू, तिकीट फाडणारे, झाडू मारणाऱ्या बायका, एवढंच काय, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला दारावरचा पहारेकरीसुद्धा त्याला मामाच म्हणायचा. खरा मामा तो एकाच माणसाचा होता, थोरल्या बहिणीच्या मुलाचा. तो मुलगा याच संघातून बास्केटबॉल खेळायला लागला, कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "मामा, मामा" अशा हाका मारायला लागला, आणि मग ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मामाचं काम कोर्ट मांडायचं. हॉल काही एकट्या संघाच्या मालकीचा नव्हता. आज तिथं फर्निचरचं प्रदर्शन, उद्या गाण्याचा कार्यक्रम, परवा कुणाची तरी जंगी सभा. सामना असला की सिमेंटच्या जमिनीवर लाकडी कोर्ट तुकड्यातुकड्यांनी जोडायचं, सामना संपला की उचलून मागच्या कोठीत रचून ठेवायचं. एकेक तुकडा दोन माणसांनी उचलावा एवढा मोठा. असे दोनशेच्या वर. ज्यानं ते घडवले तो म्हातारा मिस्त्री त्यांना 'पाट' म्हणायचा, म्हणून मामाही पाटच म्हणायचा. प्रत्येक पाटाच्या पोटावर तापल्या लोखंडानं आकडा डागलेला होता. मामाला आकडे बघावे लागत नसत. एकोणिसाव्या वर्षी तो मिस्त्रीच्या हाताखाली आला, आता त्रेपन्नावं चालू होतं. पाट उचलला की वजनावरूनच तो ओळखायचा. लग्न राहून गेलं, कंबर गेली, पण एकदाही सामना पाटामुळे उशिरा सुरू झाला असं झालं नाही. याचा त्याला भलताच अभिमान होता, आणि कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा.

संघ मूळचा एका कारखान्यातल्या कामगारांचा. सुटी झाली की भट्टीच्या मागच्या अंगणात खेळणारी माणसं ती. अजूनही संघाच्या बनियनवर छातीशी हातोडा आहे आणि प्रेक्षक टाळ्यांऐवजी पाय आपटतात, ते तेव्हापासूनचं. पुढे संघ पगारी झाला, मोठ्या स्पर्धेत आला आणि त्याला कोर्ट हवं झालं. लाकडाची तेव्हा मारामार होती. मिस्त्रीनं खोक्यांच्या फळ्या, मोडीतले दरवाजे, मिळेल ते जमवून कोर्ट उभं केलं. एकोणसाठ नंबरच्या पाटाशी येईपर्यंत लाकूड संपलं. प्रत्येक पाटाखाली तीन आडव्या पट्ट्या असायच्या, याच्याखाली मधली राहिली. उद्या ठोकू म्हणून मिस्त्रीनं तो तसाच मांडला. त्याच संध्याकाळी पहिला सामना झाला. पाहुण्या संघाचा सर्वांत तेज खेळाडू चेंडू आपटत भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखालून निघाला आणि एकोणसाठवर आल्यावर चेंडू वर आलाच नाही. मेल्यासारखा घोट्याशी पडून राहिला. घरच्या संघानं तो उचलला, टोपलीत घातला आणि सामना मारला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पट्टी घेऊन आला तर कप्तान त्या पाटावर पाय रोवून उभा. "हात लावून तर बघ," म्हणाला.

तेव्हापासून ती जागा 'मुकी' झाली, कारण चेंडू तिथं बोलत नाही. तिच्याभोवती संघाचा सगळा रिवाज उभा राहिला. नवा खेळाडू आला की रिकाम्या हॉलमध्ये त्याचे डोळे बांधायचे, हातात चेंडू द्यायचा आणि कोर्टभर फिरवायचा. बाकीचे बाकांवर गुपचूप बसणार, खोकायचंसुद्धा नाही. ठप्, ठप् करत चेंडू चाललेला असताना एका ठिकाणी आवाज बसला की त्यानं थांबून म्हणायचं, "मुकी." मगच त्याच्या अंगावर हातोड्याचं बनियन चढायचं. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. कित्येक खेळाडू निवृत्त झाले, दुसऱ्या संघांत गेले, काही भांडून गेले, पण एकदा मुकी म्हटलेल्या माणसानं तोंड उघडलं असं घडलं नाही. घरच्या मैदानावर संघ सहसा हरायचा नाही, आणि पेपरवाले त्याला जिगर म्हणायचे.

मामा नव्या लोकांना हा इतिहास रंगवून सांगायचा. सांगताना दोन माणसं मात्र सोडून द्यायचा. दोघंही पाहुणे. चेंडू खाली राहिला, अंग पुढं गेलं आणि पाय मागं अडकला. एकाचा घोटा गेला. दुसऱ्याचं काय झालं ते मामानं कधी विचारलंच नाही. स्ट्रेचर बाहेर जाताना तो पाठ करून पाटाचे सांधे तपासत बसला होता.

आता भाच्याबद्दल. मुलगा चार वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले ते गेलेच, आणि ताई मुलाला घेऊन भावाच्या दोन खोल्यांत आली. मुलाच्या तंगड्या अशा काही वाढायला लागल्या की मामानं त्याचं नाव 'बगळ्या' ठेवलं. मामानं त्याला कोठीत, पाटांच्या थप्प्यांमध्ये चेंडू आपटायला शिकवलं. पुढं बगळ्या संघात आला. डोळे बांधून तो 'मुकी' म्हणाला तेव्हा मामा बाकामागे उभा राहून ढसाढसा रडला होता. बगळ्याची ठरलेली जागा दाराकडचा कोपरा. तिथून तो चेंडू फेकायचा आणि दहातले सात आत जायचे. अख्खा हॉल पाय आपटायचा.

मग त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने तो मामाच्या खांद्यावर हात टाकून संडासाला जात होता. डॉक्टर म्हणाला, "खेळेल. पण हाच गुडघा परत गेला तर खेळणं विसरायचं, चालता आलं तरी पुष्कळ." नव्यानं आलेल्या मॅनेजरनं पहिलं अर्धं वाक्य ऐकलंच नसावं. त्यानं बगळ्याला दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकलं. ताई मुलाबरोबर गेली. दोन खोल्यांत मामा एकटा उरला, आणि दोन वर्षांत बगळ्या तिकडं असा काही खेळला की मॅनेजरला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आणि आता तोच बगळ्या, पाहुण्या संघाचं निळं बनियन घालून, रविवारी इथं खेळायला येणार होता.

गुरुवारी दुपारी मॅनेजर कोठीत आला. हा माणूस कोठीत कधी यायचा नाही. धुळीनं त्याला शिंका यायच्या. तो आला, दार लोटून घेतलं आणि एका थप्पीवर रुमाल अंथरून बसला. मामाला तेव्हाच बरं वाटलं नाही.

"मामा, रविवारी तुमचा भाचा येतोय."

"हो साहेब. ताई पण येतेय सामना बघायला."

"छान, छान. पण त्याला मुकी माहिती आहे. तो घड्याळाखाली फिरकणार नाही."

"तो सांगणार नाही कुणाला साहेब. त्याच्या संघालासुद्धा नाही. मी ओळखतो त्याला."

"मी कुठं म्हणतो सांगेल? पण त्याच्यापुरती तर मुकी कामातून गेली ना? आणि तो एकटाच पुरेसा आहे आपल्याला." मॅनेजर शिंकला. "एकोणसाठ उचला आणि दाराकडच्या कोपऱ्यात मांडा."

"साहेब, ती त्याची जागा आहे."

"म्हणूनच तर."

"त्याचा गुडघा..."

"चेंडू जाईल हो त्याच्या हातून, गुडघ्याचं काय घेऊन बसलात? इतकी वर्षं पाहुण्यांचा जातोय तसा याचा जाईल." उठता उठता त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही या संघाचे आहात की त्या? मला सरळ सांगा. पाट मांडायला आणखी माणसं मिळतात."

मामानं सरळ सांगायला हवं होतं. चौतीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, म्हणून उत्तर तयार नव्हतं. त्यानं नुसती मुंडी हलवली, आणि मॅनेजरनं त्याचा हवा तो अर्थ घेतला.

रविवारी सकाळी आठ वाजता पाट मांडायला सुरुवात झाली. मामाबरोबर चार कामगार होते. दाराकडच्या कोपऱ्यापाशी आल्यावर त्यानं चौघांना चहाला पाठवून दिलं आणि एकोणसाठ स्वतः ओढत नेला. तिथला पाट काढून घड्याळाखाली लावला. आता घड्याळाखाली चांगला, ठणठणीत पाट होता आणि मुकी दाराकडे. अकरा वाजता तो कोठीत गेला, दार लावलं आणि ताईला फोन केला, थेट बगळ्याला करायची छाती झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो संघाशी बेइमानी करत होता. पण भाच्याशी केली असती तर झोप कुठली?

"ताई, नीट ऐक. बगळ्याला माझा एक निरोप दे. दाराकडच्या कोपऱ्यात जाऊ नकोस म्हणावं. घड्याळाखाली खुशाल जा, तिथं आता काही नाही. एवढंच सांग, त्याला कळेल."

"म्हणजे काय रे? मला नाही कळलं."

"तुला कळायची गरज नाही. शब्दाला शब्द सांग."

ताईनं दोनदा म्हणून दाखवलं. धाकट्या भावाचं ऐकायची तिला सवय नव्हती, पण त्याचा आवाज ऐकून तिनं वाद घातला नाही. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. "सांगितलं. हसला. म्हणाला, मामाला म्हणावं जिंकलास. आता मी बसमध्ये बसतेय, फोनची बॅटरी संपत आलीय, तिथंच भेटू."

मामाच्या जिवाचं ओझं उतरलं. जेवणाचा डबा उघडण्याआधी त्यानं सवयीप्रमाणे कोर्टावर एक फेरी मारली. दर पाटावर टाच दाबून बघायची, ही मिस्त्रीची शिस्त. दाराकडच्या कोपऱ्यात आला, टाच दाबली आणि थांबला.

पाट डुगडुगत होता. त्या कोपऱ्यात सिमेंटखालून जुनं गटार गेलेलं, जमीन बोटभर खचलेली. तिथला मूळचा पाट मिस्त्रीनं त्या खड्ड्याच्या मापानं घडवला होता. एकोणसाठ काही तिथं बसेना. एका बाजूला टाच दाबली की दुसरी कड दोन नाण्यांइतकी वर यायची. मामानं पाचर मारून बघितली, पुठ्ठा घालून बघितला. कड खाली जायची आणि दोन पावलांत पुन्हा वर यायची. धावत आलेल्या कुणाचाही अंगठा त्यात अडकला असता, निळ्याचा असो की हातोड्याचा. माणूस तोंडावर आपटला असता. आणि जास्तीचे पाट? ते होते सहा. गेल्या वर्षी मॅनेजरनं कोठीचा अर्धा भाग आपल्या ऑफिसला घेतला तेव्हा ते जळणात गेले.

असं कोर्ट सोडणं मामाच्या हातून होणं शक्य नव्हतं. मॅनेजरला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला असता, राहू द्या. मामानं इकडं तिकडं बघितलं, दोन्ही पाट ओढत नेले आणि जिथले तिथे लावले. खड्ड्याचा पाट खड्ड्यात, मुकी घड्याळाखाली. टाच दाबली. कोर्ट गप्प, सपाट, जसं चौतीस वर्षं होतं तसं. कपाळावरचा घाम पुसत तो उठला, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळाखाली खुशाल जा, असं त्यानंच सांगितलं होतं.

त्यानं ताईला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. बगळ्याला लावला, त्याचाही बंद, कारण सामन्याच्या दिवशी दुपारनंतर खेळाडूंचे फोन एका पेटीत जमा होतात, सगळ्या संघांत होतात, हे मामाहून कुणाला ठाऊक असणार? अडीच वाजता पाहुण्यांची बस आली. मामा त्यांच्या ड्रेसिंग रूमकडे धावला. दारात म्हातारा पहारेकरी.

"मामा, तुलाच नाही सोडता येत. घरच्या माणसानं पाहुण्यांच्या खोलीत जायचं नाही. नियम तुझ्याच मॅनेजरनं टांगलाय बघ भिंतीवर."

"अरे भाचा आहे माझा. दोन शब्द बोलायचेत."

"सामना झाल्यावर दोनशे बोल."

चार वाजता हॉल भरला. ताई वरच्या रांगेत, खांबाशेजारी बसलेली दिसली. तिनं हात हलवला. मामाच्या मनात आलं, वर जावं, तिला सांगावं. मग वाटलं, तिला सांगून काय उपयोग, ती काय वरून ओरडणार आहे? तो गेला नाही. हीच त्याची चूक. सांगितलं असतं तर पुढचं टळलं नसतं, पण निदान एक माणूस तरी खरं काय ते जाणून असतं.

पहिला अर्धा भाग त्यानं जीव मुठीत धरून काढला, तरी तो भाग धोक्याचा नव्हता. मध्यंतराआधी पाहुणे पलीकडच्या टोपलीवर हल्ला करत होते. घड्याळ आणि दार दोन्ही अलीकडच्या अंगाला. मध्यंतरानंतर बाजू बदलणार होत्या. म्हणजे जे काही करायचं ते मध्यंतरात.

मध्यंतर झालं. मामा लांब दांड्याचं फडकं घेऊन कोर्ट पुसायला उतरला आणि मुद्दाम पाहुण्यांच्या वाटेत आला. बगळ्या समोरून आला. भलताच उंच, भलताच घामेजलेला, डाव्या गुडघ्याला काळी पट्टी. मामाला बघून त्याचा चेहरा फुलला. पण त्याच्या एका बाजूला पंच चालत होता आणि चार हातांवर मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा होता.

एक वाक्य. घड्याळाखाली जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पंचानं ते ऐकलं असतं, विचारलं असतं, का बुवा? मग पाट उचलला गेला असता, उलटा केला गेला असता, मधली पट्टी नाही हे साऱ्या जगानं बघितलं असतं. छताला टांगलेले सगळे विजयध्वज, मिस्त्रीचं नाव, त्या सगळ्या कप्तानांची जिगर, सगळ्यांच्या तोंडाला काळं. मामाचं तोंड उघडलं.

"पाणी पी नीट," तो म्हणाला.

बगळ्यानं डोळा मारला, छातीवर दोन बोटं टेकवली, म्हणजे निरोप पोचला, आणि पुढं गेला. मामा फडकं फिरवत राहिला. आपण हे काय केलं ते त्याला कळत होतं.

सामन्याचा तिसरा भाग सुरू झाला. बगळ्या एकदा घड्याळाखाली आला. हवेतच चेंडू झेलला, जमिनीला न लावता फेकला, आत. पुन्हा आला, चेंडू सोबत्याला दिला आणि निघून गेला. मामा प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचा. दाराकडच्या त्याच्या लाडक्या कोपऱ्यात मात्र तो एकदाही गेला नाही. मामाच्या हे लक्षात आलं आणि अर्थात मॅनेजरच्याही. विश्रांतीच्या दोन मिनिटांत तो मामाच्या कानाशी आला.

"तो दाराकडे जात नाही. आयुष्यभर तिथूनच खेळला तो. कोण बोललं?"

मामानं फडकं पिळायला घेतलं.

"सामना संपू दे, मग बघतो तुमच्याकडे," मॅनेजर म्हणाला.

शेवटची चार मिनिटं उरली होती. पाहुणे तीन गुणांनी पुढे. मामाला वाटायला लागलं, निभावलं. नोकरी जाईल, जाऊ दे, ताईकडे जाऊन राहू. बगळ्यानं चेंडू मध्यावर घेतला. समोर दोघं आले. डावीकडं दार होतं, तिकडं मोकळी जागा होती, कुणीही तिकडं गेलं असतं. बगळ्यानं तिकडं नुसती मान वळवली आणि अंग झोकून उजवीकडं, घड्याळाकडं निघाला. त्याला अडवणारे घरचे दोघंही जागीच थांबले. मॅनेजरनं काहीही सांगितलेलं असो, सवयीनं घरचं कुणीच त्या पाटावर पाय ठेवत नसे. समोर सगळं रिकामं बघून तो आणखी वेगात सुटला. ठप्, ठप्, ठप्.

मग आवाज आला नाही.

"बगळ्याऽऽ!" मामा ओरडला. केव्हा, तर आता. चेंडू घोट्याशी राहिला, हात त्याच्यासाठी मागं गेला, अंग पुढं गेलं, आणि डावा पाय एकोणसाठवर तसाच रोवलेला. गुडघ्यातून जो आवाज निघाला तो वरच्या रांगेपर्यंत गेला. घरच्या संघानं चेंडू उचलला, पलीकडं नेला, टोपलीत घातला. हॉल पाय आपटायला लागला, आणि बराच वेळ आपटत राहिला, कारण खाली कोण पडलंय हे मागच्यांना दिसत नव्हतं. जेव्हा दिसलं तेव्हा सगळं एकदम शांत झालं.

घरचा संघ दोन गुणांनी जिंकला.

स्ट्रेचर बोळातून प्रथमोपचाराच्या खोलीकडं गेलं. या वेळी मामानं पाठ केली नाही, तो मागोमाग धावला. बोळात मॅनेजरनं त्याला गाठलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. त्याचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, हसण्याचं.

"अहो, तुम्ही आधी सांगायचं तरी! मी वेड्यासारखा चिडतोय. त्याला सांगितलंत मुकी दाराकडे, आणि ठेवलीत घड्याळाखालीच! काय डोकं चाललं हो!" तो मागच्या माणसांकडं वळला आणि ओरडला, "ऐकलंत का? मामानं भाच्यालाच मामा बनवलं!"

माणसं हसली. त्यातली काही बिचारी नुसती मॅनेजर हसतो म्हणून हसली. मामानं मान वळवली तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताई उभी. एका हातात पर्स, दुसरा कठड्यावर. निरोप तिनंच पोचवला होता, शब्दाला शब्द.

"ताई, तसं नाही गं. तिथं पाट बसत नव्हता. डुगडुगत होता. मी फोन केला तुला, दोनदा केला..."

ताईनं पर्समधून फोन काढला, काळ्या पडद्याकडं बघितलं आणि परत ठेवला. त्याच्या बाजूनं, त्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं, ती खोलीत गेली.

मामाही आत गेला. बगळ्या पलंगावर पडला होता. तोंड पांढरं, गुडघ्यावर बर्फ. डॉक्टर कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होता आणि त्यातलं 'खेळणं' एवढंच ऐकू येत होतं. मामानं त्याच्या पायाशी उभं राहून सगळं सांगितलं. गटार, खड्डा, पाचर, पुठ्ठा, वर येणारी कड, बंद फोन, दारावरचा पहारेकरी. एकही गोष्ट खोटी नव्हती. सांगताना मात्र त्यालाच ते रचून सांगितल्यासारखं वाटायला लागलं.

"मध्यंतरात भेटलास की मामा," बगळ्या म्हणाला.

मामानं बर्फाची सरकलेली पिशवी नीट केली.

"पाणी पी म्हणालास."

"पंच होता रे शेजारी."

बगळ्यानं डोळे मिटले. मग त्यानं हात पुढं केला आणि मामाच्या मनगटावर थोपटलं. लहानपणी ताप आला की मामा त्याला थोपटायचा, तसंच.

"असू दे. तू या संघाचा माणूस, तुला करावंच लागलं असणार. मी रागावलो नाही. आईलाही सांगतो, रागावू नकोस म्हणून."

"अरे, पण मी नाही केलं!" मामा म्हणाला.

"बरं," बगळ्या म्हणाला, आणि ताईनं त्याच्या अंगावर चादर ओढली.

मामा बाहेर आला. हॉल रिकामा होत आला होता आणि चौघं कामगार कोर्टाच्या कडेला त्याची वाट बघत उभे होते. उद्या सकाळी तिथं दुसऱ्या कुणाचा तरी कार्यक्रम होता, पाट उचलायचे होते. त्यानं घड्याळाखालून सुरुवात केली.